पाचव्या फ्रेटवरची घूम

कोजागिरीच्या कार्यक्रमाचा साऊंड चेक चालू होता, साऊंड माझ्याकडे होता. सांगलीतलं मोकळं मैदान, प्लायचं स्टेज. गिटारवाल्या पोराने जाड ई तारेवर पाचवा फ्रेट (मानेवरची धातूची पट्टी) दाबला आणि सगळं स्टेज घुमायला लागलं. वाजवणं थांबवलं तरी घूम वाढतच गेली.

"दादा, गिटारचा आवाज कमी करा की," कार्यकर्ते म्हणाले. बहुतेक ठिकाणी तेच करतात, आणि मग वाजवणारा संध्याकाळभर आखडून वाजवतो. मला ते पटत नाही.

गिटार ३३५ पद्धतीची सेमी-हॉलो, म्हणजे अर्धी पोकळ होती. पोकळ गिटार मोठ्या आवाजात घुमते, म्हणून गिब्सन कंपनीने १९५८ साली ईएस-३३५ हे मॉडेल आणताना आत मधोमध लाकडाचा ठोकळा बसवला. त्याने घूम कमी होते, संपत नाही. स्पीकरच्या आवाजाने वरची फळी आणि आतली हवा हलते, त्यांच्यामुळे तारा हलतात, तारांखालचा पिकअप (चुंबक आणि तारेची कॉइल) ते उचलतो आणि अँप (गिटारचा स्पीकरवाला अँप्लिफायर) तेच मोठं करून परत गिटारवर फेकतो.

तारांवर तळवा ठेवायला सांगितला, घूम थांबली. तारा मोकळ्या सोडून फळी दाबली, तरी थांबली. म्हणजे गिटारचं अंगच घुमत होतं, ११० हर्ट्झच्या आसपास. मिक्सरवर गिटारच्या चॅनलला तिथे बारीक कट दिला, ८० च्या खालचं सगळं काढलं. सब (जाड आवाजाचे स्पीकर) आणि मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) यांतून येणारी घूम गेली. पण अँपचा आवाज गिटारपर्यंत हवेतून पोचतो, मिक्सरमधून जात नाही. म्हणून अँप पोकळ प्लायवरून उतरवून खाली जमिनीवर सतरंजीच्या घडीवर ठेवला आणि पोराला त्याच्या समोरून बाजूला उभं केलं. बराच फरक पडला.

उरलेल्यासाठी एफ-होल, म्हणजे वरच्या फळीतली f आकाराची भोकं, बुजवायचं ठरवलं. "दादा, आवाज मरेल," तो कळवळून म्हणाला. त्याचं गिटारवर प्रेम होतं, म्हणून समजावून सांगितलं: ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग एफ-होलमध्ये कापड कोंबायचे, आणि १९८० साली गिब्सनने त्यांच्या नावाची ल्युसिल गिटार काढली ती एफ-होलशिवायच. गादीवाल्याकडून फोम आणला, भोकापेक्षा किंचित मोठा कापला. त्याला दोरा बांधला, नाहीतर तुकडा आत पडला की काढताना जीव जातो. फोम बसवून त्याने तोच स्वर दाबला. स्वर लांबला, पण फुगला नाही. अँपमधून टोन जवळजवळ तसाच होता. फोम काढायचं नाव त्याने मग घेतलं नाही.

तेवढ्यात सोलोसाठी त्याने अँपचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला आणि बारीक शिट्टी सुरू झाली. आता तारा दाबून थांबेना, फळी दाबूनही थांबेना. ब्रिज पिकअपच्या (तारा खाली जिथे टेकतात तिथला) कव्हरवर स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारली, तर अँपमधून खणखणीत टकटक. तोंड जवळ नेऊन "हॅलो" म्हटलं, तेही ऐकू आलं. कॉइलची तार आत सैल होती आणि पिकअप माइकसारखा वागत होता. याला फोमचा काडीचा उपयोग नाही. पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण मिसळून, साधारण ६५ अंशांवर वितळवून पिकअप त्यात बुडवावा लागतो, म्हणजे मेण वेढ्यांत शिरून तार घट्ट धरतं. जास्त तापलं तर बॉबिन, म्हणजे तार गुंडाळलेलं रीळ, वाकतो. कार्यक्रमाआधी स्टेजमागे हे करण्यात अर्थ नव्हता. मानेजवळच्या नेक पिकअपवर टिचकी मारली, तो गप्प होता. सोलो त्यावरच वाजवायचा ठरला, गेन थोडा उतरवून.

कार्यक्रम पूर्ण आवाजात झाला. पुढे त्याने ब्रिज पिकअपला मेण भरून घेतलं आणि दाखवायला घेऊन आला. गेन चढवून मी आधी कव्हरवर टिचकी मारली. मंद 'ठप्' एवढंच आलं.