बाण नाय तां पण दिसता

७ मे २०२४. लोकसभा, रत्नागिरी-सिंधुदुर्ग. मी सावंतवाडी तालुक्यातला हायस्कूल मास्तर, ड्युटी मालवण तालुक्यातल्या एका वाडीतल्या शाळेत, केंद्राध्यक्ष म्हणून. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या आजीबद्दल लिहितोय ती तिथे लगेच ओळखू येईल.

निवडणूक ड्युटी म्हणजे काय ते मास्तर लोकांना सांगायला नको, बाकीच्यांना वाटतं आम्ही जाऊन बसतो आणि संध्याकाळी मशीन घेऊन येतो. आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या मंडपात उन्हात उभं राहून मशीनचे नंबर, सिलं, लिफाफे, फॉर्म सगळं ताडून घ्यायचं, एस्टीने गावात यायचं, शाळेतले बेंच जोडून त्यावर पडायचं. मे महिन्यातली किनाऱ्यावरची रात्र, पंखा एक आणि तोसुद्धा मनात येईल तेव्हा फिरणारा, डासांचं तर बोलायलाच नको. रेंज शाळेत नाही. दर दोन तासांनी टक्केवारी कळवायची आणि त्यासाठी मागच्या सड्यावर एका आंब्याच्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं, कारण तिथेच दोन काड्या येतात. हे वरच्यांना सांगितलं तर म्हणतात मॅनेज करा.

पण मशीनच्या बाबतीत मी कोणाला बोलू देत नाही. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापून काचेतून दाखवणाऱ्या मशीनच्या, मागे एक नॉब असतो, कागदाचा रोल लॉक करणारा. ने-आण करताना तो आडवा, चालवताना उभा. निम्म्या केंद्रांवर सकाळी सकाळी 'मशीन बिघडलं' म्हणून जी बोंब उठते ना, त्यातल्या बऱ्याच वेळा हा नॉब आडवाच राहिलेला असतो. आणि व्हीव्हीपॅटवर थेट उजेड पडता कामा नये, म्हणून मी आदल्या रात्रीच खिडकीला शाळेतलाच जुना तक्ता बांधला आणि टेबल ट्यूबच्या खालून सरकवलं. साडेपाचला मॉकपोल, म्हणजे एजंटांसमोर चाचणीचं मतदान. कमीत कमी ५० मतं, नोटासकट ('वरीलपैकी कोणीही नाही') प्रत्येक बटणावर, मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. चिठ्ठ्या काढून मोजल्या, कंट्रोल युनिटशी, म्हणजे मतं नोंदवणाऱ्या मशीनशी, जुळल्या, पाठीमागे शिक्के मारून काळ्या पाकिटात सील. ह्या वेळी उमेदवारांचे एजंट डोळ्यांत तेल घालून बसले होते. अकरा दिवसांपूर्वीच, २६ एप्रिलला, सुप्रीम कोर्टाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली होती आणि ती बातमी मोबाईलवरून प्रत्येक वाडीत पोचलेली. 'सर, आमचं बटण परत एकदा दाबा ना' असं दोघांनीही म्हटलं. दाबलं. काय बिघडतं? शंका आमच्या टेबलावर फिटलेली बरी, नाहीतर मग ती चहाच्या टपरीवर जाऊन मोठी होते.

तर हे दोन एजंट. चुलत भाऊ, एकाच घरातले, मध्ये भिंत घातलेली. थोरला आणि धाकटा म्हणू. २०१९ ला दोघांनी मिळून एकाच निशाणीचा प्रचार केलेला, धनुष्यबाण. मग जून २०२२ मध्ये शिवसेनेत जे झालं ते झालं, ऑक्टोबरमध्ये निशाणी गोठली, १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने नाव आणि बाण शिंदे गटाला दिला, ठाकरे गटाकडे मशाल. थोरला बाणाबरोबर गेला, धाकटा मशालीबरोबर. पण आमच्या मतदारसंघात जागा भाजपला सुटलेली, उमेदवार नारायण राणे, त्यामुळे थोरला कमळाचा एजंट म्हणून बसलेला. समोर विनायक राऊत, जे २०१४ आणि २०१९ ला बाणावरच निवडून आलेले, आता मशालीवर. म्हणजे मशीनवर बाणच नाही. १९९६ पासून इथल्या लोकसभेला सुरेश प्रभू काय, नंतर राऊत काय, दर वेळी बाण होता, आणि ह्या वेळी नाही. मला हे कागदावर माहीत होतं, मतपत्रिका तर मीच चार वेळा तपासलेली, पण त्याचा अर्थ काय होणार हे डोक्यात आलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला रांग लांब होती. चाकरमानी आंब्यासाठी आलेले, ते सगळे उन्हाच्या आधी उरकायच्या घाईत. आजी आली. ऐंशीच्या पुढची असणार, पण ताठ, काठी नाही, नऊवारी, चिठ्ठी रुमालात बांधून आणलेली. एक नंबर अधिकाऱ्याने नाव वाचलं, एजंटांनी मान हलवली, दोन नंबरच्या मॅडमनी डाव्या तर्जनीला शाई लावली, रजिस्टरवर अंगठा घेतला, तीन नंबरने बॅलेटचं बटण दाबलं, म्हणजे मशीन एका मतापुरतं खुलं झालं. आजी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली.

आणि बीप काही येईना.

नवीन मतदार किंवा म्हातारं माणूस असलं की वेळ लागतो, त्याचं काही नाही. पण बराच वेळ झाला, रांगेतली पोरं 'काय चल्लाहा' करायला लागली. मग आजी आडोशाच्या बाहेर आली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तरानू, ह्याच्यात बाण खंय आसा?"

खोली गप्प झाली. दोघे भाऊ एकदमच उठले. थोरला म्हणाला, आजये, थांब मी सांगतंय तुका. धाकटा म्हणाला, तू कोण सांगणारो? मी दोघांनाही वर्गात ओरडतो तसा ओरडलो, बसा खाली. मग थोरल्याने नियम काढला, सर तिला दिसत नाही, सोबती म्हणून घरचं कोणीतरी पाठवा. सोबती कोणाला देता येतो ते मला पाठ आहे, नियम ४९-एन, अंध किंवा अपंगत्वामुळे स्वतः बटण दाबू शकत नाही अशा मतदारालाच, फॉर्म १४-ए भरून. आणि मी काही बोलायच्या आत आजीच बोलली, "माका सगळां दिसता. बाण नाय तां पण दिसता."

त्यावर काय बोलणार? मी काय करू शकत होतो तेवढं केलं. मतदाराला मशीन समजत नसेल तर केंद्राध्यक्षाने पुठ्ठ्याचं नमुना बॅलेट युनिट दाखवायचं, आडोशाच्या बाहेर, एजंटांसमोर. ते मी काढलं. आता त्या पुठ्ठ्यावर नावं खोटी आणि निशाण्यासुद्धा भलत्याच असतात, मुद्दाम, म्हणजे प्रचार होऊ नये. मी सांगितलं, आजी, ज्याला मत द्यायचं त्याच्या निशाणीसमोरचं निळं बटण दाबायचं. तिने पुठ्ठा नीट वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाली, ह्याच्यातपण नाय.

बटण कसं दाबायचं हे तिला माहीतच होतं. तिला विचारायचं होतं बाण गेला कुठे. आणि ह्याचं उत्तर मी दिलं असतं तर ते काय झालं असतं? 'बाण ह्यांच्याकडे आहे पण इथे ते कमळाबरोबर आहेत' हे एक वाक्य. 'बाणवाले आधीचे खासदार आता मशालीवर आहेत' हे दुसरं. दोन्ही खरी. पण कुठलं आधी बोलायचं? जे आधी बोलशील तो प्रचार. दोन्ही भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते, एक शब्द इकडे तिकडे झाला असता तर लेखी तक्रार. आणि खरं म्हणजे एवढ्यानेही आजीचं कोडं सुटलं नसतं, कारण १९९० साली ह्याच मालवणने बाणावर पहिल्यांदा आमदार करून पाठवलेला माणूस म्हणजे नारायण राणेच, पुढे ते मुख्यमंत्रीही बाणावरच झाले, २००५ ला पंजात गेले, मग स्वतःचा पक्ष, मग कमळ. म्हणजे आजीचा जुना बाणवाला कमळावर, नवा बाणवाला मशालीवर, आणि बाण खुद्द गैरहजर. हे दोन मिनिटांत, रांग थांबवून, निःपक्षपातीपणे सांगून दाखवा कोणीतरी मला.

ती म्हणाली, मगे कोणाक घालू तां तुमीच सांगा. मी म्हटलं, आजी, तां माका सांगूक येवचां नाय. नोटाचं तोंडावर आलं होतं, तेवढ्यात धाकट्याने हात वर केला, सर नोटा सुचवू नका हां. त्याचं बरोबर होतं की नाही ते आजही मला ठरवता आलेलं नाही, पण तिथे मी गप्प बसलो.

"बाण नाय तर माका नको," आजी म्हणाली. रागाने नाही. दुकानात हवी ती डाळ नसली की माणूस पिशवी उचलतो, तसं.

आता इथून पुढचा नियम बहुतेक केंद्राध्यक्षांना कधी लागतच नाही. रजिस्टरवर नोंद होऊन अंगठा झाल्यावर मतदार नको म्हणाला तर ४९-ओ. १७-ए रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात 'मत देण्यास नकार' लिहायचं आणि त्यावर पुन्हा सही किंवा अंगठा. मशीन बॅलेट देऊन बसलेलं असतं, बिझीचा लाल दिवा पेटलेला, त्यामुळे पुढच्या मतदाराला नवीन बटण न दाबता थेट आत पाठवायचं, नाहीतर कंट्रोल युनिट बंद करून परत चालू करायचं. मी पुढच्याला आत पाठवलं. तीन नंबरचा पोरगा नवीन, त्याने सवयीने बटणाकडे हात नेला, त्याचा हात मी धरला.

आजीने शेऱ्यावर अंगठा दिला आणि मग बोट माझ्यासमोर धरलं. "ही शाय पुसा मगे. लोक म्हणतले, म्हातारी मत घालून इली."

शाई पुसता येत नाही, ती त्यासाठीच असते. दोन नंबरच्या मॅडमनी तिला समजावलं, बाहेरच्या अंगणवाडी ताईंनी पाणी दिलं, ती गेली. जाताना दोन्ही भावांकडे बघून फक्त एवढंच म्हणाली, "माका कोणी सांगूक नाय." दोघांनी खाली बघितलं. दोघांच्या घरचा उंबरा ती लहानपणापासून... म्हणजे त्यांच्या लहानपणापासून झिजवत आलेली, हे मला नंतर जेवताना कळलं. दोन वर्षांत प्रत्येक वाडीत मेळावे झाले, कोर्टाच्या निकालांवर फटाके फुटले, व्हॉट्सॲपवर एकमेकांच्या आईबापापर्यंत गेले, पण शेजारच्या म्हातारीला जाऊन 'आता असं असं झालंय' एवढं सांगायला एकालाही सुचलं नाही. सांगताना स्वतःचंही स्पष्टीकरण द्यावं लागलं असतं, म्हणून असेल.

दुपारी झोनल साहेब, म्हणजे आमच्या भागातल्या केंद्रांवर देखरेख करणारे, आले. मी प्रकार सांगितला. ते वैतागले. अहो कशाला ४९-ओ च्या भानगडीत पडायचं, समजूत घालून एखादं बटण दाबून घ्यायचं ना, टक्केवारी बघताय ना आपली. मी म्हटलं, कुठलं बटण साहेब? ते पाणी पिऊन पुढच्या केंद्रावर गेले.

त्यानंतर एक मुंबईवरून आलेला पोरगा चिठ्ठी हातात द्या म्हणून भांडला, सात सेकंद काचेतून दिसते तेवढंच, हातात मिळत नाही म्हटल्यावर 'लोकशाही संपली' असं मोठ्याने म्हणून गेला. त्याच्या शंकेवर निदान उत्तर होतं. भलतीच चिठ्ठी दिसली म्हणत असशील तर लेखी दे, चाचणी मत घेऊ, खोटं निघालं तर शिक्षा. त्याची चिठ्ठी बरोबरच होती. मशीनवर शंका घेणाऱ्यासाठी फॉर्म आहे, नियम आहे, कोर्ट आहे, आणि आजीच्या प्रश्नासाठी माझ्याकडे खोट्या निशाण्यांचा पुठ्ठा.

सहाला गेट बंद, क्लोज दाबलं, १७-सी हा मतांच्या हिशोबाचा फॉर्म भरला. १७-ए मधली एकूण नोंद, त्याखाली ४९-ओ खाली मत न देणारे, १, त्याखाली ४९-एम खाली मत देऊ न दिलेले, ०, मग मशीनवरची मतं. वजाबाकी जुळली. दोन्ही भावांनी प्रत घेतली, सह्या केल्या, धाकट्याने त्या १ वर बोट ठेवून थोरल्याला दाखवलं, कोणी काही बोललं नाही. रात्री साहित्य जमा करताना काउंटरवरचा माणूस त्याच १ वर अडकला. बाकी सगळ्यांचं तिथे शून्य. रजिस्टर काढा, डायरी काढा, शेरा दाखवा, अंगठा दाखवा, माझ्या मागे पंचवीस टीम ताटकळत. शेवटी म्हणाला, सर, उगाच वाढवून ठेवलंत, शून्य असतं तर दोन मिनिटांत सोडलं असतं.

४ जूनला राणे ४७,८५८ मतांनी निवडून आले. टीव्हीवर दिवसभर कोकणाने काय कौल दिला त्याची चर्चा.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेच्या प्रशिक्षणात मी उठून विचारलं, मतदाराने आडोशाबाहेर येऊन 'अमुक निशाणी कुठे आहे' विचारलं आणि ती निशाणी यादीतच नसेल तर नेमकं काय बोलायचं, शब्द सांगा. ट्रेनर म्हणाले, सर असं कोणी विचारत नाही, आणि पुढची स्लाईड लावली. मागे दोन-तीन जण हसले, पण चहाच्या वेळी तेच मला येऊन भेटले, आमच्याकडेही झालं होतं म्हणून.

२० नोव्हेंबरला मला कणकवली मतदारसंघ आला. कुडाळ-मालवणला मात्र ह्या वेळी बाण होता. त्यावर निलेश राणे, महिन्याभरापूर्वीच भाजपमधून शिंदेंकडे आलेले, आणि समोर मशालीवर वैभव नाईक, ज्यांनी २०१४ ला ह्याच मतदारसंघात बाणावरून नारायण राणेंना पाडलं होतं. निलेश राणे निवडून आले.

जानेवारीत कुडाळ स्टँडवर धाकटा भेटला. मी आधी तेच विचारलं, आजी आली होती का? आली होती म्हणाला, सकाळी पहिल्या तासातच, आत गेली, बीप वाजला, बाहेर आली आणि घरी गेली, कोणाशी बोलली नाही.

"सर, आमकाच घातल्यान आसतला," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "भाऊस पण तसांच म्हणता."