पाचवा गडी

बुधवार

संध्याकाळी ऑफिसच्या कामासाठी फेएटव्हिलला गेलो होतो. काम लवकर आटोपलं, म्हणून परतताना विद्यापीठाच्या ट्रॅकपाशी गाडी लावली. कॉलेजची पोरं शेवटचे लॅप सावकाश मारत होती. बाहेर नाव लिहिलंय : जॉन मॅकडॉनल फील्ड. इथे अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात, बेंटनव्हिलला राहायला आल्यापासून हे नाव कानावर आहे. लेक मुक्ता क्रॉस कंट्री, म्हणजे ट्रॅकबाहेर माळरानावरची लांब शर्यत, पळायला लागली तेव्हापासून तर घरातही त्याचा उल्लेख होतो. आज ठरवलं, पळण्याच्या त्या प्रशिक्षकाविषयी जे मनात साठलंय ते लिहून काढायचं.

मॅकडॉनल आयर्लंडच्या मेयो परगण्यातले. गाव क्रॉसमोलिना, जन्म 1938 चा, घर शेतकऱ्याचं. पळण्याच्या ओढीने अमेरिकेत आले. न्यूयॉर्कला एका टीव्ही वाहिनीत कॅमेरामन म्हणून नोकरी केली, मग लुइझियानातल्या कॉलेजात शिकले आणि तिथे उत्तम पळाले. 1972 मध्ये अर्कान्सास विद्यापीठाने त्यांना क्रॉस कंट्रीचे प्रशिक्षक म्हणून घेतलं. पुढे ट्रॅकच्या संघाची सगळी जबाबदारीही त्यांच्याकडे आली. 2008 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते इथेच राहिले. 2021 मध्ये वारले.

लोक सांगतात ते त्यांच्या 40 राष्ट्रीय विजेतेपदांबद्दल. क्रॉस कंट्रीची 11, इनडोअरची (छताखालच्या ट्रॅकवरची) 19, आउटडोअरची (उघड्या मैदानावरची) 10. ते निवृत्त झाले तेव्हा डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या सगळ्यांत वरच्या गटात, खेळ कुठलाही घ्या, इतकी विजेतेपदं दुसऱ्या कुठल्याच प्रशिक्षकाच्या नावावर नव्हती. पण मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती पहिल्या विजेतेपदाची तारीख. 1984! म्हणजे येऊन बारा वर्षं झाल्यावर. बारा वर्षं विद्यापीठाने त्यांना काम करू दिलं, आणि बारा वर्षं त्यांनी घाई न करता केलं. त्यानंतर मात्र इनडोअरला 1984 ते 1995 ओळीने बारा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळालं.

शुक्रवार रात्र

मुक्ताची उद्या शर्यत आहे. शाळेच्या संघात ती सहावी आहे. जेवताना तिच्या आजीला व्हिडिओ कॉलवर क्रॉस कंट्रीचे गुण कसे मोजतात ते समजावत होती, आणि आजीला ते एकदम पटलं. सात जण पळतात. पहिल्या पाच जणांचे क्रमांक एकत्र मिळवायचे, ज्या संघाची बेरीज कमी तो जिंकला. सहाव्या-सातव्याचे क्रमांक धरत नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक खाली ढकलला जातो. "म्हणजे पहिली आलेली एकटी काही करू शकत नाही," आजी म्हणाली.

बरोबर तेच. संघाचा पहिला धावक जिंकला काय किंवा तिसरा आला काय, बेरजेत फरक दोनचा. पाचवा जर तिसाव्या क्रमांकाऐवजी नव्वदावा आला तर फरक साठचा. मोठ्या शर्यतीत मधल्या घोळक्यात काही सेकंदांत कितीतरी जण एकापाठोपाठ येतात. तिथे पाचव्याने दहा सेकंद गमावले की अख्ख्या संघाचा मोसम गेला. म्हणून कॉलेजच्या क्रॉस कंट्री प्रशिक्षकाचं खरं काम पाचव्या मुलावर असतं. पहिला बहुतेकदा स्वतःच्या अंगच्या गुणांवर पळतो. पाचवा घडवावा लागतो, आणि मुख्य म्हणजे नोव्हेंबरपर्यंत धडधाकट ठेवावा लागतो.

या शेवटच्या गोष्टीत मॅकडॉनल यांचा हातखंडा होता. अमेरिकन कॉलेजात लांब पळणाऱ्या मुलाला तीन मोसम असतात. पावसाळा संपता संपता आपल्याकडे जशा झोनल, म्हणजे कॉलेजांच्या विभागीय स्पर्धा, सुरू होतात तसा इथे क्रॉस कंट्रीचा मोसम सुरू होतो. पुरुषांची राष्ट्रीय शर्यत 10 किलोमीटरची, नोव्हेंबरात. थंडीत इनडोअर, वसंतात आउटडोअर, जूनपर्यंत. तिन्हीकडे तीच मुलं. तिन्ही राष्ट्रीय विजेतेपदं एकाच शैक्षणिक वर्षात जिंकायची म्हणजे मुलांना वर्षभर तयार ठेवायचं आणि तरी थकू द्यायचं नाही. अर्कान्सासने 1984-85 मध्ये ते पहिल्यांदा केलं, आणि त्यांच्या हयातीत एकूण पाच वेळा. जोरात पळवून जिंकवणारे प्रशिक्षक पुष्कळ सापडतील. आज याला जास्त नको, त्याला चालेल, हे रोज मैदानात उभं राहून ओळखणारा मला तरी दुर्मीळ वाटतो.

रविवार

मुक्ताच्या शाळेचा संघ तिसरा आला, ती घोळक्यात नीट टिकून पळाली.

दुपारी सरांना फोन केला. नगर जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात ते शारीरिक शिक्षण संचालक होते, आता निवृत्त होऊन गावी शेती बघतात. मी त्यांच्या हाताखाली पळालो, पुणे विद्यापीठाकडून खेळलो ते त्यांच्यामुळेच. मॅकडॉनल यांचं सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले, मग विचारलं, "अरे, त्यांच्याकडे दुसरं काय काय होतं रे? परीक्षेचं सुपरव्हिजन होतं का?"

नव्हतं, सर. त्यांच्याकडे फक्त पळणं होतं. पुढे उड्यांसाठी डिक बूथ नावाचे वेगळे प्रशिक्षक होते, आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये तिहेरी उडीचं सुवर्ण जिंकलेला माइक कॉनली त्याच संघात घडला. सरांकडे मात्र खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉल, गॅदरिंग, ॲडमिशनची गर्दी आणि क्रीडा महोत्सवाच्या आदल्या रात्री मैदानावर फक्की मारणंही होतं. त्यातून उरलेल्या वेळात ते पहाटे आम्हाला पळवायचे. सरांनी हे कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही, आजही नाही. पण मला ते मनापासून खटकतं. एका माणसाला एकच काम, आणि त्यासाठी दहा-बारा वर्षं, असं आपल्या किती कॉलेजांत मिळतं? जिथे मिळालं तिथे फळ दिसलं. नाशिकला विजेंदर सिंग यांनी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी राहून मुली पळवल्या, आणि 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सावरपाड्याच्या कविता राऊतने 10,000 मीटरचं कांस्य आणलं.

सरांचा पुढचा प्रश्न पैशांचा होता. इथेही सगळं आलबेल नाही हे त्यांना सांगितलं. मॅकडॉनल यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात पुरुषांच्या ट्रॅक आणि क्रॉस कंट्रीच्या अख्ख्या संघाला मिळून 12.6 शिष्यवृत्त्या देता यायच्या. धावणारे, उड्या मारणारे, फेकणारे, सगळे त्यात. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला काहीच नाही. कुणावर किती खर्च करायचा हे ठरवणं हाही प्रशिक्षणाचाच भाग. शिष्यवृत्तीतला वाटा पाचव्या मुलाला द्यायचा की नुसत्या विश्वासावर त्याला चार वर्षं टिकवायचं, हे प्रश्न दर वर्षी यायचे.

"मग पोरं कुठून आणायचे?" सरांनी विचारलं. पुष्कळशी आयर्लंडमधून, मॅकडॉनल यांच्या स्वतःच्या ओळखीतून. नायल ओ'शॉनेसी सुरुवातीच्या वर्षांतला, फ्रँक ओ'मारा नंतरचा, जो 3,000 मीटरला दोनदा जागतिक इनडोअर विजेता झाला. परदेशी मुलं आणून जिंकतात अशी टीका इथे होत असे. मला ती अर्धवट वाटते. डॅनियल लिंकन अर्कान्सासचाच मुलगा, शाळेत असताना फारसा कुणाच्या नजरेत न भरलेला. मॅकडॉनल यांच्याकडे तो स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची 3,000 मीटरची शर्यत, पळायला लागला आणि 2006 मध्ये 8 मिनिटं 8.82 सेकंद असा अमेरिकेचा विक्रम केला. पुढे तो डॉक्टर झाला. अशा मुलाला ओळखायला प्रशिक्षक एका जागी मुरलेला लागतो.

मंगळवार

एक गोष्ट सरांना सांगायची राहिली होती, ती आज मेसेजमध्ये लिहिली. मैदानावर मॅकडॉनल यांच्या संघांनी 42 राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली होती. 2004 आणि 2005 ची आउटडोअरची दोन पुढे रद्द झाली, कारण एका सहायक प्रशिक्षकाने एका धावकाला कॉलेजात आणताना नियम मोडले. इथले जुने लोक अजून 42 म्हणतात. मी 40 च म्हणेन. संघ ज्याचा, त्यात होणाऱ्या सगळ्याचा जबाबदार तो, आणि नियम मोडून मिळालेलं मोजायचं नाही, हे सरांनीच आम्हाला शिकवलंय. झोनलला दुसऱ्या कॉलेजचा मुलगा आपल्या नावावर पळवायची एकाने सुचवलेली युक्ती सरांनी जागच्या जागी उडवून लावली होती, आणि त्या वर्षी आम्ही हरलो होतो.

तरीही मला त्या माणसाचं खरं मोठेपण 40 मध्येही दिसत नाही. 1974 ते 2007 ही वर्षं घ्या. अर्कान्सासने आपल्या कॉन्फरन्सची, म्हणजे आसपासच्या विद्यापीठांच्या गटाची, क्रॉस कंट्री ओळीने 34 वेळा जिंकली. मधल्या काळात विद्यापीठाने गटही बदलला, पण मालिका तुटली नाही. एका मुलाला कॉलेजात क्रॉस कंट्रीचे जास्तीत जास्त चार मोसम मिळतात. म्हणजे त्या 34 पैकी चाराहून जास्त विजय एकाही मुलाच्या वाट्याला आले नाहीत. 1974 चा पाचवा गडी आणि 2007 चा पाचवा गडी यांची भेटही झाली नसेल. दर वर्षी तयार झालेली मुलं निघून जायची, नवी यायची, आणि नोव्हेंबरच्या आत पुन्हा एक पाचवा उभा करायचा. चौतीस वर्षांत एकदाही त्यांचा पाचवा कोसळला नाही, किंवा कोसळला असेल तर सहाव्याने जागा घेतली असेल.

सरांचं उत्तर लगेच आलं : "मुक्ताला सांग, सहावीने रोज पाचवीच्या बरोबर पळायचं. आठवड्याचं मायलेज किती आहे तिचं? लिहून पाठव."

उद्या पाठवतो.