गंटर्सव्हिलच्या तलावावर: स्पर्धेत उतरायचं का?

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलहून ४३१ नंबरच्या हायवेने दक्षिणेला निघालं की तासाभराच्या आत गंटर्सव्हिल येतं. टेनेसी नदीवर १९३९ साली पूर्ण झालेल्या धरणाचा हा तलाव, साधारण ६९ हजार एकरांचा. अलाबामातला सगळ्यात मोठा आणि लार्जमाउथ बास या माशासाठी देशभर नावाजलेला. इथल्या मासेमारीच्या स्पर्धांच्या मालिकेत उतरायचं का, हे घरी बसून ठरेना, म्हणून एप्रिलमध्ये मुद्दाम स्पर्धेच्याच दिवशी गेलो.

उजाडताना बोटी क्रमाक्रमाने सुटल्या. स्वतःची बोट नसली तरी को-अँगलर म्हणून दुसऱ्याच्या बोटीवर जाता येतं. मागे उभं राहून गळ टाकायचा, बोट कुठे न्यायची ते पुढचा ठरवणार. मला यात कमीपणा वाटत नाही. जाणत्या माणसाच्या मागे उभं राहून दिवसभर तलाव वाचायला मिळणं मोठी गोष्ट आहे.

दुपारी वजनं झाली. प्रत्येकाचे जास्तीत जास्त पाच मासे, बोटीवरच्या टाकीत जिवंत ठेवलेले. मासा मेला तर वजन कापतात. बास मासेमारीच्या स्पर्धा रुजवणाऱ्या रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्साच्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली आणि १९७२ पासून मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. कोकणात आमच्या आजोबांच्या गरीला लागलेला मासा थेट कालवणात जायचा. इथे वजनकाट्यावरून उतरलेला भलामोठा बास परत पाण्यात गेला, तेव्हा फार बरं वाटलं.

तरी एक गोष्ट मनाला लागली. हे दिवस विणीचे. मादी अंडी घालून निघून जाते, घरट्याची राखण नर करतो. त्याला उचललं की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंड्यांवर तुटून पडतात. वजनासाठी मैलोन्मैल नेलेला नर भलत्याच काठाला सुटतो, आणि मागे घरटं उघडं पडतं. हे माझ्या हातून व्हायला नको.

म्हणून मी कयाकच्या, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतल्या, स्पर्धा निवडल्या. तिथे वजन नसतं. मासा मोजपट्टीच्या फळीवर ठेवायचा, त्या दिवसाच्या ओळखचिठ्ठीसकट फोटो काढायचा आणि जागच्या जागी सोडायचा. सर्वांत लांब पाच माशांची बेरीज धरतात. विणीच्या काळात घरट्यावरच्या माशाला तिथेही हात लावणार नाही, मग नंबर खाली गेला तरी चालेल. नाव या आठवड्यात नोंदवतोय. सुरुवात शरद ऋतूत, पाण्यावर साचलेल्या गवतावरून आमिषाचा रबरी बेडूक ओढायच्या दिवसांत.