आमची वाटचाल : वायपर मोटरपासून सहा पायांपर्यंत

मोशन प्लॅटफॉर्म, म्हणजे सिम्युलेटरची सीट विमानासारखी हलवणारं मशीन, घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो चालीचा. वर किती जातं? १०० मिमी की १५०? दुसरा प्रश्न वजनाचा. खाली कसं येतं, हे अजून एकानेही आपणहून विचारलेलं नाही. आमची मात्र निम्मी बुद्धी त्या खाली येण्यावरच खर्च होते, आणि हा धंदा एकदा बुडता बुडता वाचला तोही त्याच्यापायीच.

सुरुवात सगळ्यांची होते तशी वायपर मोटरवर झाली. ४० × ४० × ३ चा चौकोनी पाइप, मधोमध मालट्रकच्या प्रोपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट, मागे १२ व्होल्टच्या दोन वायपर मोटरी, त्यांच्या शाफ्टवर ६० मिमीचा क्रँक आणि तिथून सीटच्या फ्रेमपर्यंत रॉड. दोन्ही मोटरी एकाच दिशेने फिरल्या की पिच (पुढे-मागे कलणं), उलटसुलट फिरल्या की रोल (डावी-उजवीकडे कलणं). वजन सगळं जॉइंटवर, मोटरींनी फक्त कलवायचं. घरी पहिलं मशीन बनवणाऱ्याने आजही हेच बनवावं. गिअरबॉक्स वर्मचा असल्यामुळे वीज गेली तरी सीट आहे तिथेच थांबते, ही त्यातली मोठी सोय.

जॉइंटची उंची मात्र डोळ्यांनी ठरवू नका. तो माणूस आणि सीट यांच्या एकत्र गुरुत्वमध्याजवळ हवा, म्हणजे साधारण पोटाच्या रेषेत. मोटरींचे रॉड सोडा, माणूस बसवा, हाताने सीट कलती करून सोडा. सोडली तिथेच थांबली तर उंची बरोबर. आणखी कलंडायला लागली तर जॉइंट खाली बसलाय. मोटरी आयुष्यभर वजन ओढत राहतील आणि गरम होऊन मरतील.

या मशीनची खोड पॉटमध्ये, म्हणजे पोटेन्शिओमीटरमध्ये असते. शाफ्टवरचा १० किलोओहमचा पॉट मशीन कुठे आहे ते कंट्रोलरला सांगतो. उड्डाणाचा बहुतेक वेळ सीट मध्याच्या आसपासच हलत असते, त्यामुळे पॉटची पट्टी नेमकी मध्ये घासते. आधी बारीक थरथर येते. लोक कंट्रोलरचे पीआयडीचे (मोटर किती जोराने जागेवर आणायची ते ठरवणारे) आकडे बदलत बसतात, दोष मात्र पट्टीत असतो. पुढे सरकता स्पर्श क्षणभर सुटतो, रीडिंग एकदम ० किंवा १०२३ होतं आणि कंट्रोलर पूर्ण ताकदीने उलट धावतो. उपाय साधे आहेत. मधल्या पायापासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि प्रोग्रॅममध्ये ३० च्या खाली किंवा ९९० च्या वर रीडिंग आलं की मोटर बंद. पॉट काढून हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा, न घासणारा) बसवला तर सर्वांत उत्तम. एच-ब्रिजच्या (मोटर दोन्ही दिशांना फिरवणाऱ्या सर्किटच्या) पाटीवर छापलेल्या ४३ अँपिअरवरही विश्वास ठेवू नका. तो आकडा चिपचा आहे, त्या चिमुकल्या हीटसिंकचा नाही.

पुढची काही वर्षं हेच बनवलं, हेच विकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग बॉलस्क्रू (मोटरचं फिरणं सरळ ढकलण्यात बदलणारा, गोळ्यांवर चालणारा स्क्रू) आला आणि खरा खेळ सुरू झाला. ८० मिमी फ्लँजची ७५० वॉटची सर्व्हो मोटर ३००० आरपीएमला २.३९ न्यूटन मीटर देते. १६०५ स्क्रूवर, म्हणजे १६ मिमी व्यास आणि ५ मिमी लीड (एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर), ती साधारण २७०० न्यूटन ढकलते आणि सेकंदाला २५० मिमी धावते. त्याच मोटरला १६१० जोडला की वेग दुप्पट, ताकद निम्मी. गाडीच्या सिम्युलेटरवाल्यांना वेग लागतो, विमानवाल्यांना लागत नाही. विमान मोठ्या, संथ हालचालींचं काम आहे. आम्ही १६०५ च धरून बसलो म्हणून आम्हाला मागासलेले म्हटलं गेलं. म्हणोत.

इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये एका फेऱ्याला १०,००० पल्स (मोटरला पुढे सरकवणारे विजेचे ठोके) ठेवण्याची हौस अनेकांना असते. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजे ५०० किलोहर्ट्झ. बहुतेक घरगुती कंट्रोलर तिथे पल्स गाळतात आणि मशीन हळूहळू तिरकं होत जातं. १००० पल्स ठेवले तरी एक पल्स ५ मायक्रॉनचा पडतो. माणसाच्या पाठीला याहून बारीक काही कळत नाही.

मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग कायम क्लॅम्पचं घ्या, ग्रब स्क्रूचं नको. फेरे मोजणारा एन्कोडर मोटरवर आहे, स्क्रूवर नाही. कपलिंग शाफ्टवर अर्धा फेरा घसरलं तर ड्राइव्हच्या (मोटर चालवणाऱ्या डब्याच्या) दृष्टीने सगळं आलबेल असतं आणि नट २.५ मिमी चुकीच्या जागी असतो. आमच्याकडे प्रत्येक कपलिंगवर आणि शाफ्टवर मिळून एक पांढरी रेघ ओढलेली असते. रेघ तुटलेली दिसली की घसरलं. नायलॉक नटांनाही तशीच रेघ.

बॉलस्क्रू वर्मसारखा अडत नाही. वीज गेली की माणसासकट खाली. म्हणून मोटरी ब्रेकच्या घ्यायच्या, पण २४ व्होल्टचा हा ब्रेक धरून ठेवण्यासाठी असतो, चालतं मशीन थांबवण्यासाठी नव्हे. लाल बटण दाबल्याबरोबर वीज तोडणारं वायरिंग केलंत तर दर वेळी ब्रेकची पट्टी घासते. आधी ड्राइव्हने वेग शून्यावर आणायचा, मग ब्रेक बसायचा, मग टायमर रिलेने वीज तुटायची. मानकात याला स्टॉप कॅटेगरी १ म्हणतात. वायरिंग थोडं वाढतं, एवढंच.

याच सुमारास एक दुसरी कंपनी उगवली. नाव घेत नाही, या क्षेत्रातल्यांना कळेलच. त्यांनी सहा पायांचं मशीन, म्हणजे सहा बॉलस्क्रूंवर उभा प्लॅटफॉर्म, स्वतःचा शोध म्हणून जाहीर केलं. सहा पायांची ही रचना टायर तपासण्यासाठी गॉफ यांनी डनलॉपमध्ये १९५० च्या दशकात उभी केली, स्ट्यूअर्ट यांचा निबंध १९६५ चा, आणि सिम्युलेटरसाठी कॅपेल यांचं अमेरिकन पेटंट १९६७ चं. आम्ही ती शोधल्याचा दावा कधी केला नाही. पण पायाच्या बुडाशी असलेला वाकवलेल्या पत्र्याचा ब्रॅकेट आमचा आहे. त्यात डाव्या कोपऱ्यात ८ मिमीचं एक भोक आहे. मशीनमध्ये त्याला काहीच काम नाही. वेल्डिंग करताना आमच्या जिगची (तुकडे नेमक्या जागी धरणाऱ्या साच्याची) पिन त्यात बसते, बस्स. त्यांच्या ब्रॅकेटलाही ८ मिमीचं भोक आहे, डाव्याच कोपऱ्यात. त्यांच्याकडे तसा जिगच नाही.

त्यांचं माहितीपत्रक आमच्यापेक्षा देखणं होतं, कारण त्यातली हीव्ह (वर-खाली चाल) जास्त होती. स्क्रू तेच, चाल तीच, मग हीव्ह वाढली कुठून? पाय आडवे करून. पाय जमिनीशी ४५ अंशांत असेल तर तो १ मिमी लांबल्यावर प्लॅटफॉर्म सुमारे १.४ मिमी उचलला जातो. ३० अंशांत तोच २ मिमी. आकडा फुगला. किंमत पायाने मोजायची. माणूस, सीट, पॅनेल धरून २५० किलो हलत असतील तर ४५ अंशांत स्थिर अवस्थेतच प्रत्येक पायावर साधारण ५८० न्यूटन येतात, ३० अंशांत ८२०. शिवाय त्यांच्या पायाच्या टोकाचा सांधा, म्हणजे रॉड एंड, १२ ते १५ अंशांच्या पुढे वळत नाही. तिथे अडला की थ्रेडच्या मुळाशी वाकतो आणि एक दिवस तुटतो. म्हणून आम्ही दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट घालतो. त्यात रॉड स्वतःभोवती थोडा फिरतो हे खरं, पण १० अंश फिरला तरी ५ मिमी लीडवर फरक ०.१४ मिमीचा. चालतो.

आता ज्याने आमचं कंबरडं मोडलं ते. सहा पायांची मशीनं गिऱ्हाइकांकडे पोचली आणि एकामागून एक अलार्म येऊ लागले : ओव्हरव्होल्टेज. कारखान्यात एकही येत नव्हता. ड्राइव्ह पुरवणाऱ्याने कानावर हात ठेवले, तुमचं मेकॅनिकल जड आहे म्हणाला. मशीनं परत यायला लागली, आगाऊ रकमा परत कराव्या लागल्या, पगार लांबले. दुसऱ्या कंपनीची माणसं आमच्या गिऱ्हाइकांना फोन करत होती, हेही लिहून ठेवतो.

उलगडा झाला तो एका सेवानिवृत्त वैमानिकाच्या वहीमुळे. कॅप्टनसाहेबांनी आमचं वायपरचं मशीनही घेतलं होतं, सहा पायांचंही. त्यांनी मशीन परत पाठवलं नाही. सवयीप्रमाणे नोंदी ठेवल्या. वेळ, विमान, उड्डाणाचा टप्पा, बसलेल्याचं वजन. सगळे अलार्म मशीन खाली येऊन थबकतानाचे, आणि जड माणूस बसला की जास्त. चढताना एकही नाही.

खाली येताना मोटर जनरेटर होते. २५० किलो सेकंदाला २५० मिमीने उतरले की जवळपास ६०० वॉट परत येतात, थबकताना त्यात भर पडते. ही वीज ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (आतल्या डीसी विजेच्या साठ्यात) साठते. २३० व्होल्टवर बस ३२५ ला असते, ४०० च्या आसपास ड्राइव्ह हात टेकतो. जुन्या ड्राइव्हच्या पोटात ही जादा वीज उष्णतेत जाळणारा ब्रेकिंग रेझिस्टर होता. त्याच मॉडेल क्रमांकाच्या नव्या मालात तो काढून टाकला होता, एका शब्दानेही न कळवता. आमच्या चाचणीच्या मशीनवर जुनेच ड्राइव्ह होते. पुरवठादाराने हे आजतागायत लेखी मान्य केलेलं नाही.

आता प्रत्येक ड्राइव्हला बाहेरून रेझिस्टर असतो. मॅन्युअलमधल्या किमान ओहमच्या खाली जाऊ नका, नाहीतर ब्रेकिंग ट्रान्झिस्टर उडतो. रेझिस्टर वायरींपासून लांब, पत्र्यावर बसवा. हात लावता येणार नाही इतका तापतो. सगळ्या ड्राइव्हच्या बस एकत्र जोडण्याचा सल्ला हुशार लोक देतात. ड्राइव्हला परवानगी असेल तर रोलमध्ये फायदा आहे, कारण काही पाय उतरत असतात तेव्हा काही चढत असतात. हीव्हमध्ये सहाही एकदम उतरतात. मग वीज घेणार कोण?

सॉफ्टवेअरबद्दल थोडंच. विमानाच्या हालचालीचे आकडे एक्स-प्लेन हा सिम्युलेटर यूडीपीने (नेटवर्कवरून) देतो, मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर सिमकनेक्टने, डीसीएस एक्सपोर्ट स्क्रिप्टने. फ्लायपीटी मूव्हर नावाचं सॉफ्टवेअर हे सगळं वाचतं. सतत जाणवणारा प्रवेग कलवून द्यायचा असतो : १० अंश कललं की ०.१७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.१७ पट). पण सेकंदाला ३ अंशांच्या आसपासच कलवा. जोरात कलवलं की कान ओळखतात आणि पोट ढवळतं. प्रवेगाचा पहिला धक्का द्या, मग वॉशआउटने हळूच मध्यावर या. आणि सिम्युलेटरमध्ये विमान आपटलं किंवा नव्याने धावपट्टीवर आलं की एका फ्रेममध्ये शेकडो जीचा आकडा येतो. मर्यादा घातली नसेल तर तो थेट पाठीत बसतो. व्हीआर चष्मा वापरत असाल तर प्लॅटफॉर्मवर वेगळा ट्रॅकर लावून त्याची हालचाल वजा करा, नाहीतर सीट कलली की कॉकपिट डोळ्यांसमोरून सरकतं.

बॉलस्क्रूला दर महिन्याला एकदा पूर्ण चाल द्या, तळापासून टोकापर्यंत. मध्यावरच्या बारीक हालचालीने गोळ्यांखालचं ग्रीस बाजूला होतं आणि स्क्रूवर खळगे पडतात. हातावर नट फिरवला की ते कळतात.

त्या दुसऱ्या कंपनीने सध्या ही मशीनं बनवणं थांबवलंय. त्यांची जुनी मशीनं आमच्याकडे दुरुस्तीला येतात, आणि आम्ही ती घेतो. रॉड एंड काढून युनिव्हर्सल जॉइंट घालतो, पाय उभे करतो, रेझिस्टर लावतो. ब्रॅकेट बदलावा लागत नाही. आमच्या जिगवर तो नेमका बसतो.