सिंकोनाची साल आणि निळा ठिपका

सिंकोनाच्या सालीत क्विनीन असते हे वाचणे वेगळे आणि सिलिकाच्या पातळ थरावर, अंधाऱ्या खोलीत, 365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली त्याचा निळा ठिपका उजळताना पाहणे वेगळे. पेलत्ये आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1820 मध्ये ते सालीतून वेगळे काढले. मला फक्त त्याची खूण पाहायची होती.

सिलिका लावलेल्या पट्टीच्या तळाशी सालीच्या अर्काचा थेंब ठेवून ते टोक द्रावकात बुडवले, की द्रावक वर चढतो आणि अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीवर ठिपके होऊन थांबतात. माझी पहिली पट्टी फसली. अर्काचा थेंब मोठा पडला आणि द्रावक वर चढला तसा ठिपक्याऐवजी धूमकेतूसारखा शेपटीवाला पट्टा उमटला. सिलिकाचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी आणि अल्कलॉइड (क्विनीनसारखी वनस्पतींतली नत्रयुक्त संयुगे) आम्लारिधर्मी, त्यामुळे ती थराला धरून मागे रेंगाळतात. द्रावकात थोडा अमोनिया मिसळल्यावर ठिपके आटोपशीर झाले. (आरंभरेषा पेन्सिलीऐवजी शाईने आखण्याचा पराक्रमही एकदा केला, शाईच वर चढली.) चमक खुलवण्यासाठी विरल सल्फ्युरिक आम्ल वापरावे, हायड्रोक्लोरिक नव्हे, कारण क्लोराइड ती चमक मंदावते.

खरी मेख ओळख पटवण्यात आहे. क्विनीनचा समघटक (तेच अणू, वेगळी मांडणी) क्विनिडीन तसाच निळा चमकतो. सालीतलीच सिंकोनीन आणि सिंकोनिडीन मात्र मेथॉक्सी या अणुगटाअभावी तसे चमकत नाहीत, आणि अल्कलॉइड ओळखण्यासाठी फवारला जाणारा ड्रागेनडॉर्फ अभिकर्मक तर चौघांनाही नारिंगी रंगवतो. म्हणून शेजारी शुद्ध क्विनीनचा नमुना चालवल्याशिवाय मी काही नोंदवत नाही, आणि नोंदवतो तेव्हाही वहीत 'क्विनीनशी जुळणारा ठिपका' एवढेच लिहितो.