एक राऊंड कमी

मी पोलीस दलात आर्मोरर आहे, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा, नाशिकलाच. शस्त्रागाराला आमच्यात कोत म्हणतात. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे दिवसभर तेलपाणी करायचं आणि बॅरलमधून चिंधी ओढायची, आणि बरेच दिवस तसेच जातात पण. तरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ लिहायचीच होती, कारण अजून कितीतरी चांगल्या पोरांना वाटतं की मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, काढलं म्हणजे पिस्तूल खाली, म्हणजे रिकामं, झालं.

वाकडी बारवपासून मिरवणूक निघते ती रामकुंडाकडे सरकत सरकत जाते, बंदोबस्तावरचा माणूस आदल्या सकाळपासून उभा असतो. सकाळी सगळे एकदम खिडकीवर आले हत्यार जमा करायला. डोळे लाल, टोपीवर गुलाल, प्रत्येकाला घरी जाऊन आडवं व्हायचंय. मला खरी भीती अशाच वेळेची वाटते.

रांगेत एक तरुण पीएसआय साहेब होते. पिस्तूल आपलं नेहमीचं, नाईन एमएम वन ए, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतलं. मॅगझीनमध्ये १३ राऊंड, म्हणजे गोळ्या, बसतात पण त्यांना १० दिलेले, रजिस्टरला तशी सही. त्यांनी मॅगझीन काढून दिलं, पिस्तूल खिडकीत ठेवलं आणि म्हणाले, "खालीच आहे, ट्रिगर दाबून बघितलाय मी." आमचा नवीन पोरगा अंगठ्याने एकेक राऊंड काढून ट्रेमध्ये लावत होता. ९ निघाले. परत मोजले, ९च.

राऊंड हरवणं म्हणजे काय ते पोलिसातल्या माणसालाच कळेल, रिपोर्ट, चौकशी, वर उत्तरं देत बसा. साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. खिसे तपासले, होल्स्टर झटकलं, ड्रायव्हरला गाडीत बघायला पिटाळलं, मागचे दोघं फरशीवर वाकून शोधायला लागले. आणि या गोंधळात आमच्या पोराने विचार केला, हत्यार तरी आत लावून टाकू. त्याने पिस्तूल उचललं आणि ते रिकामं मॅगझीन त्यात घालायला गेला, ट्रिगर दाबून हॅमर, म्हणजे मागचा घोडा, पाडून ठेवायचा असतो ना, म्हणून.

माझी नजर हॅमरवर गेली. मागे चढलेला, सेफ्टी उघडी. १० राऊंडपैकी १ कमी आणि हॅमर चढलेला.

"थांब! मॅगझीन घालू नको!" आख्खी रांग गप्प झाली.

आता हे नीट समजून घ्या. या पिस्तुलात मॅगझीन बाहेर असलं की ट्रिगरचा पुढचा संबंधच तुटतो, कितीही दाबा, हॅमर पडत नाही. म्हणजे साहेबांनी ट्रिगर दाबला तेव्हा काही झालं नाही ते चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, रिकामा होता म्हणून नाही, मॅगझीन नव्हतं म्हणून. चेंबरमध्ये राऊंड असता तरी तेच, नसता तरी तेच, त्या दाबण्याने काहीच कळत नाही. आणि रिकामं का होईना, मॅगझीन आत बसलं की ट्रिगर परत जिवंत. पोराने मॅगझीन घालून ट्रिगर दाबला असता तर खिडकीसमोर माणसं उभी होती.

मी पिस्तूल त्याच्या हातातून घेतलं, नळी वाळूच्या पेटीत, बोट ट्रिगरपासून लांब, आणि स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. दहावा राऊंड टुणकन बाहेर येऊन टेबलावर पडला. पितळ चकचकीत, बुडाचा प्रायमर, म्हणजे हॅमरच्या ठोक्याने पेटणारी टिकली, अख्खा. स्लाईड मागेच लॉक केली, चेंबरमध्ये डोकावलो, वर करंगळी घालून चाचपलं.

ही मॅगझीनची भानगड फ्रेंच लष्कराच्या मागणीतून आली असं सांगतात. त्यांना जास्त गोळ्यांचं पिस्तूल हवं होतं, अमेरिकेचा बंदुका घडवणारा जॉन ब्राउनिंग, त्याने काम सुरू केलं, १९२६ला तो बेल्जियममध्ये वारला, पुढे बेल्जियमच्याच द्यूदोने सैव्हने ते पूर्ण केलं आणि १९३५ला हाय पॉवर नावाचं पिस्तूल आलं. फ्रेंचांनी शेवटी दुसरंच घेतलं. पण दुसऱ्या महायुद्धात कॅनडात इंग्लिस कंपनीने हेच बनवलं, आपलं वन ए त्याच घराण्यातलं. सोय वाईट नाही, मॅगझीन काढल्यावर चुकून गोळी सुटू नये एवढाच हेतू. पण तिला तपासणी समजलं की घात होतो. ग्लॉक या दुसऱ्या पिस्तुलाला ही सोय नाही, तिथे मॅगझीन काढून दाबला असता तर तिथल्या तिथे फायर झाला असता, म्हणून दोन्ही हाताळणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं.

साहेब बाकावर बसले. मग आठवलं त्यांना, रात्री एका ठिकाणी रेटारेटी झाली, आता पेटतंय असं वाटलं म्हणून त्यांनी स्लाईड ओढली होती, तेव्हाच एक राऊंड चेंबरमध्ये चढला, नंतर सेफ्टी लावून होल्स्टरमध्ये ठेवलं आणि पुढच्या गडबडीत डोक्यातून गेलं. सकाळी खाली करताना सेफ्टी काढली, तेवढीच. मला त्यांचा राग नाही आला, इतके तास उभ्या माणसाचं डोकं चालत नाही, म्हणून तर क्रम हाताला लागलेला पाहिजे. आधी मॅगझीन बाहेर, मगच स्लाईड, दोन-तीनदा, मग डोळ्याने आणि बोटाने बघायचं. आधी स्लाईड ओढली तर मॅगझीनमधला पुढचा राऊंड आत चढून बसतो.

दोन दिवसांनी तेच साहेब मुद्दाम आले, "मला खोलून दाखवा" म्हणाले, आणि शेजारी त्या पोरालाही बसवलं. आता आमच्या खिडकीवर स्लाईड मागे लॉक केल्याशिवाय पिस्तूल घेत नाही, समोर कोणीही साहेब असू दे, रांग कितीही लांब असू दे.