शाळेच्या मालकीचं वाळवंट

अमेरिकेतल्या ॲरिझोनात फिनिक्सहून पूर्वेला आलं की फ्लोरेन्स जंक्शनपाशी हायवे ७९ दक्षिणेकडे वळतो. दोन्ही बाजूंना सग्वारो निवडुंग, मागे सुपरस्टिशन डोंगर आणि मधे तारेचं कुंपण. एका फाटकापाशी गाडी थांबवली, तसे सांगलीहून आलेले मामा म्हणाले, "अरे, कुणाच्या रानात घुसतोयस?"

"शाळेच्या, मामा."

थट्टा नव्हती. ही ॲरिझोनाची ‘स्टेट ट्रस्ट लँड’, म्हणजे राज्य सरकारने विश्वस्त म्हणून सांभाळलेली जमीन. इथल्या जमिनीची मोजणी सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत झाली. प्रत्येकात एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे. १९१२ मध्ये ॲरिझोना अमेरिकेचं राज्य झालं तेव्हा त्यांतले २, १६, ३२ आणि ३६ नंबरचे तुकडे मुख्यतः शाळांच्या खर्चासाठी मिळाले, म्हणून नकाशावर ही जमीन विखुरलेली दिसते. आज ती साधारण ९२ लाख एकर आहे. बरीचशी गुरं चारायला भाड्याने जाते, काही लिलावात विकली जाते.

"म्हणजे देवस्थान इनाम! देव तेवढा बदललाय," मामा म्हणाले. मला हे इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं.

सरकारी आहे म्हणून सगळ्यांची, असा हिशेब इथे चालत नाही. हिंडायलाही परमिट लागतं. आम्ही ते ऑनलाइन काढलं होतं. तंबू टाकता येतो, पण वर्षात १४ दिवसांपर्यंतच. खाणीसाठी किंवा शेतीसाठी दिलेल्या तुकड्यांवर हे परमिट चालत नाही. आणि फाटक जसं असेल तसंच ठेवायचं: लावलेलं असेल तर मागे लावून घ्यायचं, उघडं असेल तर उघडंच.

परमिटचे पैसे मला कधीच खटकले नाहीत. खटकतो तो लिलाव. फिनिक्सच्या कडेची अशी जमीन चढ्या बोलीने बिल्डरकडे जाते आणि वर्षभरात तिथे सारखीच दिसणारी घरं उभी राहतात. स्कॉट्सडेल शहराने मात्र १९९५ मध्ये मतदान घेऊन विक्रीकर वाढवला आणि त्या पैशांतून मॅकडॉवेल सोनोरन प्रिझर्व्ह या राखीव रानासाठी जमीन घेत गेलं. त्यात ट्रस्टची जमीनही आली. शाळांना पैसे मिळाले, रानही राहिलं. हे दर शहराला परवडेल असं नाही.

एप्रिल होता, पालो वर्देची झाडं पिवळ्या फुलांनी लगडली होती. मामा फोटो काढत मागे सरकले आणि चोया निवडुंगाचा एक काटेरी गोळा पोटरीला चिकटला. त्याला बोट लावायचं नाही. कंगवा खाली घालून झटक्यात उडवायचा. इकडे यायचं तर परमिट, भरपूर पाणी आणि मोठ्या दातांचा कंगवा एवढं गाडीत असू द्या. कडक उन्हाळ्यात मात्र येऊच नका.